मुलाच्या बाजूला कोण उभे राहते? वादमित्रापासून बीडच्या न्यायालयापर्यंत

बीड किंवा अंबाजोगाईच्या न्यायालयात एखादे मूल साक्षीला उभे राहते. समोर न्यायाधीश असतात. सरकारी वकील असतात, पण ते शासनाची बाजू मांडतात. आरोपीचे वकील आरोपीची बाजू मांडतात. पोलीस आपला तपास घेऊन आलेले असतात. आईवडील बहुधा बाहेर बाकावर बसलेले असतात, आणि आरोपी घरातलाच असेल तर आईवडील नेमके कोणाच्या बाजूचे, हाही प्रश्नच असतो. खटल्याचे शीर्षक 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असे असते. मूल त्यात साक्षीदार असते, पक्षकार नसते. मग त्या दालनात केवळ त्या मुलासाठी म्हणून कोण आलेले असते?

या धाग्यात या एका रिकाम्या जागेचा इतिहास आहे. ही जागा भरण्याची गरज कायद्याला फार पूर्वी कळली होती. ती कोणासाठी कळली, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

दिवाणी कायद्यात 'वादमित्र' हा जुना शब्द आहे. अज्ञान मुलाला स्वतः दावा लावता येत नाही, म्हणून त्याच्या वतीने एक सज्ञान माणूस न्यायालयात उभा राहतो. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा बत्तिसावा आदेश पूर्णपणे याच विषयाला वाहिलेला आहे. त्यातले नियम वाचताना आश्चर्य वाटते, इतका त्यांत माणसाच्या स्वभावाचा विचार आहे. ज्याचे हित मुलाच्या हिताच्या विरुद्ध जाते, त्याला वादमित्र होता येत नाही. मुलाच्या वतीने तडजोड करायची तर न्यायालयाची परवानगी लागते. मुलाला मिळालेला पैसाही परवानगीशिवाय हाती घेता येत नाही. आणि आठवा नियम असा की, आपल्या जागी योग्य माणूस उभा केल्याखेरीज आणि तोवर झालेल्या खर्चाची हमी दिल्याखेरीज वादमित्राला बाजूला होता येत नाही.

हा आठवा नियम ध्यानात ठेवावा. पुढे ऐंशी वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात त्याचाच प्रतिध्वनी ऐकू येतो.

ही सारी काळजी प्रामुख्याने मालमत्तेची होती. चुलत्याने बळकावलेल्या दहा एकरांसाठी अनाथ मुलाला वादमित्र मिळत होता. त्याच चुलत्याने त्या मुलाला उपाशी ठेवले, मारले, कामाला जुंपले, तर त्याच्या वतीने बोलणाऱ्या माणसाची अशी कोणतीही तरतूद नव्हती. १८९० चा पालक व पाल्य अधिनियम मुलाचे कल्याण पाहा असे न्यायालयाला सांगत होता, हे खरे. पण त्यासाठी कोणीतरी मोठ्या माणसाने अर्ज घेऊन न्यायालयाची पायरी चढावी लागे, आणि मुलावर हक्क सांगणारा माणूसच बहुधा ती चढत असे.

मुंबई इलाख्यात १९२४ साली बालक अधिनियम झाला. त्याआधी मद्रासने १९२० मध्ये आणि बंगालने १९२२ मध्ये असे कायदे केले होते. मुंबई शहरात त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी १९२७ च्या सुमारास सुरू झाली. त्याच वर्षी चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि डोंगरीच्या उमरखाडीतले रिमांड होम तिच्याकडे आले. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. मुंबईचा कायदा तिथे लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले आणि १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तोवर मुंबईच्या बालन्यायालयाला जवळजवळ तीस वर्षे झाली होती. मुलांसंबंधीच्या संस्था मराठवाड्यात उशिरा आणि तुरळक दिसतात, त्याचे एक कारण इतके साधे आहे.

त्या काळच्या बालन्यायालयामागची कल्पना उदात्त होती. न्यायाधीशाने पित्यासारखे वागावे, खटल्याचे कर्मकांड नसावे, काळे डगले नसावेत. सर्वांनाच मुलाचे भले हवे आहे, तेव्हा मुलाला वेगळा वकील कशाला, असा त्यामागचा विचार. जगभर हीच धारणा होती. तिला पहिला मोठा तडा अमेरिकेत गेला. अॅरिझोनातल्या जेराल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलाला एका अश्लील दूरध्वनीच्या तक्रारीवरून वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहात पाठवले होते. सज्ञान माणसाला त्याच गुन्ह्यासाठी किरकोळ दंड किंवा जास्तीत जास्त दोन महिने कैद झाली असती. १९६७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की मुलालाही वकिलाचा हक्क आहे; केवळ सदिच्छा पुरेशी नाही.

गॉल्ट हा आरोपी मुलगा होता. अत्याचार सोसलेल्या किंवा टाकून दिलेल्या मुलासाठी वेगळा विचार १९७४ च्या अमेरिकी कायद्याने केला. केंद्राचा निधी हवा असेल तर अशा प्रत्येक मुलासाठी न्यायालयात प्रतिनिधी नेमा, अशी अट त्याने राज्यांना घातली. पण इतके प्रतिनिधी आणायचे कोठून? सिअॅटल येथील न्यायाधीश डेव्हिड सूकप यांना या प्रश्नाने झोप येत नसे. मुलाला आईकडे परत पाठवायचे की नाही हे आपण ठरवतो, पण त्या मुलाबद्दल पुरेसे कोणीच सांगत नाही, ही त्यांची टोचणी होती. सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन एकेका मुलामागे एकेक स्वयंसेवक नेमावा, अशी कल्पना त्यांना सुचली. दुपारच्या डब्याच्या वेळेस त्यांनी इच्छुकांची बैठक बोलावली. चार-पाच जण येतील अशी अपेक्षा होती, पन्नास आले. १९७७ मध्ये सुरू झालेली ही व्यवस्था पुढे अमेरिकाभर पसरली.

या स्वयंसेवकाचे काम वकिलीचे नाही. तो मुलाला भेटतो, शाळेत जातो, शेजाऱ्यांशी बोलतो, आजीला विचारतो आणि जे दिसले ते न्यायाधीशाला लेखी कळवतो. त्याच्याकडे एकाच वेळी एक-दोनच मुले असतात. शंभर प्रकरणांखाली दबलेला सरकारी अधिकारी जे पाहू शकत नाही, ते तो पाहतो.

भारतात अशी व्यवस्था कोणी आखून दिली नाही. इथे ही जागा एका मराठी पत्रकार स्त्रीने स्वतःहून भरली.

शीला बारसे यांनी मे १९८२ मध्ये मुंबईच्या कारागृहात पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि १५ फेब्रुवारी १९८३ रोजी कोठडीतील स्त्रियांच्या संरक्षणाचे निर्देश दिले. तिथून त्या मुलांकडे वळल्या. १९८५ मध्ये त्यांनी दाखल केलेल्या याचिकेत मागणी होती ती देशभरच्या तुरुंगांत डांबलेल्या सोळा वर्षांखालील मुलांच्या सुटकेची. किती मुले कोठे आहेत, याची पूर्ण माहितीही त्यांनी मागितली होती.

१९८६ च्या ऑगस्टमध्ये या प्रकरणात लागोपाठ आदेश झाले. प्रत्येक राज्याच्या विधी साहाय्य मंडळाने आठवड्यातून निदान एकदा दोन वकील प्रत्येक तुरुंगात पाठवावेत आणि तिथल्या मुलांना मदत करावी, असे न्यायालयाने सांगितले. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात मूल आरोपी असेल तर तपास तीन महिन्यांत आणि खटला सहा महिन्यांत संपवावा, असेही ठरवले. शिवाय बारसे यांनी स्वतः देशभर फिरून तुरुंग, बालगृहे, रिमांड होम पाहावीत अशी मुभा दिली आणि त्या प्रवासासाठी दहा हजार रुपये केंद्र सरकारला जमा करायला लावले. न्यायालयाने एका नागरिकाला स्वतःचे डोळे म्हणून पाठवले, असे म्हणणे वावगे ठरू नये. सूकप यांची कल्पना बारसेंना ठाऊक होती की नाही, हा प्रश्न गौण आहे. गरज तीच होती.

त्यांचे दुसरे प्रकरण थेट मुंबईचे होते. उमरखाडी आणि मानखुर्दच्या संस्थांमध्ये मुलांना आईवडिलांकडे परत पाठवण्यास अकारण विलंब होतो, मुलांकडून मोबदल्याविना काम करून घेतले जाते, अशी त्यांची तक्रार होती. उच्च न्यायालयाच्या निर्णयाने समाधान न झाल्यामुळे त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २० डिसेंबर १९८६ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की चिल्ड्रन्स एड सोसायटीला राज्यसंस्थेप्रमाणेच वागावे लागेल. ती खासगी धर्मादाय संस्था आहे, ही सबब चालणार नाही. मुलांना निरीक्षणगृहात लांबवून ठेवू नये आणि बालन्यायालयावर त्या कामाचे शिक्षण घेतलेले दंडाधिकारी असावेत, हेही त्यात आले.

इथवरची कथा विजयाची वाटते. पुढचा भाग क्वचितच सांगितला जातो.

मुख्य याचिका रेंगाळली. राज्ये प्रतिज्ञापत्रे दाखल करीनात. तारखा पडत गेल्या. १९८८ मध्ये बारसे यांनीच अर्ज केला : मला ही याचिका मागे घेऊ द्या. मुलांच्या हक्कांच्या बाबतीत हे न्यायालयच निष्क्रिय झाले आहे, असा त्यांचा स्पष्ट आक्षेप होता. २९ ऑगस्ट १९८८ रोजी न्यायालयाने परवानगी नाकारली. जनहित याचिका ही याचिकाकर्त्याच्या मालकीची नसते. ज्यांच्यासाठी ती केली त्यांचे हक्क वाऱ्यावर सोडता येत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. बारसे यांचे नाव याचिकाकर्त्या म्हणून वगळण्यात आले आणि सर्वोच्च न्यायालयाची विधी साहाय्य समिती त्यांच्या जागी उभी केली.

बत्तिसाव्या आदेशाचा आठवा नियम इथे वेगळ्या रूपात परत आला. तत्त्व म्हणून न्यायालयाचा निर्णय योग्यच म्हणावा लागेल : मूल त्याच्यासाठी बोलणाऱ्याच्या मालकीचे नसते. पण व्यवहारात काय झाले? जिने तुरुंगांचे दरवाजे ठोठावले, मुलांशी बोलली, ती व्यक्ती गेली आणि तिच्या जागी एक समिती आली. समितीला मुलाचा चेहरा ठाऊक नसतो. बारसेंचा राग न्यायालयाला उद्धटपणाचा वाटला असेल. पण दोन वर्षे तारखांना येणाऱ्या माणसाचा तो राग होता. मुलांचा खटला सहा महिन्यांत संपवा असे सांगणारे न्यायालय मुलांचीच याचिका तितक्या वेळात संपवू शकत नव्हते, ही विसंगती तो अर्ज नाकारल्याने मिटली नाही.

मधल्या काळात कायदे बदलले. राज्याराज्यांचे बालक अधिनियम मागे पडून १९८६ चा बाल न्याय अधिनियम आला, मग २०००चा आणि मग २०१५चा. आज प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत निदान एक स्त्री. ही नोकरशाही नव्हे. मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या क्षेत्रात काम केलेली माणसे तीन वर्षांसाठी निवडली जातात आणि त्यांना बैठकीचा भत्ता मिळतो. अधिकार मात्र दंडाधिकाऱ्याचे. महिन्यात निदान वीस दिवस बसायचे, सापडलेल्या मुलाला चोवीस तासांत समोर आणवायचे, सामाजिक तपासणी अहवाल मागवायचा. ज्या मुलीचे लग्न वयाआधी उरकले जाण्याचा धोका आहे, तीही या कायद्यानुसार 'काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक' ठरते. बीडसाठी हे कलम फार मोलाचे आहे.

लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांसाठी १४ नोव्हेंबर २०१२ पासून पोक्सो कायदा लागू झाला आणि त्याच्या नियमांत अखेर ती रिकामी जागा भरणारा माणूस आला. त्याला इंग्रजी नावच चिकटले : सपोर्ट पर्सन. २०२० च्या नियमांनुसार मूल आणि पालक यांच्या संमतीने बालकल्याण समिती हा आधार देणारा माणूस नेमते. तपास आणि खटला या दोन्ही काळांत तो सोबत राहतो, पुढे काय होणार हे मुलाला समजेल अशा भाषेत सांगतो, गुप्तता पाळतो आणि खटला संपेपर्यंत मुलाच्या स्थितीचा मासिक अहवाल समितीला देतो. त्याचा मेहनताना कुशल कामगाराच्या किमान वेतनाइतका. साक्ष पढवणे हे त्याचे काम नाही. उलट तसा नुसता संशयही खटल्याला मारक ठरतो, कारण 'पढवलेला साक्षीदार' हे बचाव पक्षाचे जुने हत्यार आहे.

कागदावर आल्यानंतरही बऱ्याच ठिकाणी असा माणूस मुलापर्यंत पोहोचलाच नाही. १८ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर निकाल देताना म्हटले की ही मदत ऐच्छिक समजू नये. निवड, प्रशिक्षण आणि मोबदला यांचे नियम आखण्यास सांगितले. प्रकरण उत्तर प्रदेशातले होते. निर्देशांचा रोख देशभरच्या यंत्रणेवर होता.

आता बीडकडे यावे. अकरा तालुक्यांचा हा जिल्हा ऊसतोडीचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, दिवाळीच्या आगेमागे टोळीसोबत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जायचे आणि मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला की परतायचे. नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मोजमापाचे एककच जोडपे असल्यामुळे मुलीचे लग्न लवकर उरकण्याला एक थंड आर्थिक कारण मिळते. शिवाय मागे ठेवलेली वयात आलेली मुलगी म्हणजे आईवडिलांच्या जिवाला घोर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के होते. बीडमध्ये ते ४३.७ टक्के होते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अंबाजोगाई भागातील एका अल्पवयीन विवाहित मुलीवरील अत्याचारांची बातमी देशभर गेली. तिचे म्हणणे बालकल्याण समितीपुढे नोंदले गेले, तेव्हा ते जगाला कळले. पोलिसांकडे आधी जाऊनही दाद मिळाली नाही, असे तिचे सांगणे होते. त्या प्रकरणाचा तपशील इथे उगाळण्याचे कारण नाही. पाहायचे ते एवढेच की, बालविवाहामुळे घरापासून तुटलेल्या मुलीचे कोणीतरी बसून ऐकून घेतले, ते ठिकाण होते नागरिकांतून निवडलेल्या माणसांची एक समिती.

जिल्ह्यात अशा मुलांना जवळ करणारी माणसे पूर्वीपासून आहेत. अंबाजोगाईत द्वारकादास आणि शैला लोहिया यांचे 'मानवलोक' १९८२ पासून आहे. शैलाताईंच्या 'मनस्विनी' प्रकल्पाने एकाकी पडलेल्या स्त्रियांना आधार दिला. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक व कावेरी नागरगोजे यांनी २००० साली 'शांतिवन' उभे केले, तिथे ऊसतोड मजुरांची मुले शिकतात. गेवराईजवळ संतोष गर्जे यांचे 'बालग्राम' आहे, पालीला दत्ता बारगजे यांचे 'इन्फंट इंडिया'. या संस्थांनी मुलांना छप्पर दिले, शिक्षण दिले. पण न्यायालयात मुलाच्या शेजारी बसणे हे निराळेच काम आहे. त्याला वर्षानुवर्षे तारखांना हजर राहण्याची चिकाटी लागते आणि त्यात दाखवण्यासारखे फारसे काही निपजत नाही.

बीडमध्ये या कामाची अडचण कायद्याच्या पुस्तकात नाही, ती हंगामाच्या पंचांगात आहे. पोक्सोच्या पस्तिसाव्या कलमानुसार न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि शक्यतो वर्षभरात खटला संपवावा. दखल डिसेंबरात घेतली गेली, तर मूल कदाचित कोल्हापूर किंवा सांगलीकडच्या एखाद्या फडावर असते. समन्स गावच्या पत्त्यावर जाते, तिथे आजी असते. तारखेला यायचे तर आईवडिलांची तितक्या दिवसांची मजुरी बुडते, आणि उचल फिटायची बाकी असल्यामुळे मुकादम सोडायला राजी नसतो. गावात पंच बसून 'मिटवून टाका' म्हणतात. मुलीचे लग्नच लावून टाकणे हा त्यांच्या लेखी तोडगा असतो. वादमित्राला न्यायालयाच्या परवानगीशिवाय जमिनीची तडजोड करता येत नव्हती. इथे मुलीच्या वतीने सगळे गाव तडजोड करून मोकळे होते.

अंतरेही आहेतच. बालकल्याण समितीचे ठिकाण बीडला. अंबाजोगाई किंवा परळीहून तिथे येणे म्हणजे सुमारे नव्वद किलोमीटर. तांड्यावरच्या गोरबोली बोलणाऱ्या लहान मुलाला न्यायालयाची मराठीही परकी असते. दुभाष्याची तरतूद नियमांत आहे, पण हे मूल घरी कोणती भाषा बोलते, हे न्यायालयाच्या लक्षात आधी कोणीतरी आणून द्यावे लागते.

म्हणून बीडमध्ये मुलाच्या शेजारी बसणाऱ्या माणसाला प्रशिक्षणात न शिकवलेल्या काही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. टोळी कोणत्या कारखान्याची आहे. मुकादम कोण, त्याचा फोन लागतो का. मुलगी हंगामी वसतिगृहात आहे, आजीजवळ आहे की फडावर धाकट्या भावाला सांभाळते आहे. पुढची तारीख जानेवारीत पडत असेल, तर मूल कुठे आहे आणि त्याला आणायला किती दिवस लागतील, हे सरकारी वकिलांना त्याच दिवशी सांगावे लागते. आणि त्या महिन्याच्या अहवालात लिहावे लागते की मूल गावात नाही, पण कोठे आहे ते माहीत आहे.